बातमी आली की "आपण यात सापडलोय का?" हे सांगायलाच आमचा दिवस जातो, तुमच्याकडे कसं करता?

नवा_कमिट

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा विचारतोय. तीन वर्षं झाली नोकरीला, काम बहुतेक जावास्क्रिप्टमध्ये, थोडं पायथन. सप्टेंबर २०२५ मध्ये एनपीएमवरच्या (जावास्क्रिप्टचा तयार कोड जिथून घेतो तो साठा) चॉक, डीबग वगैरे पॅकेजेसमध्ये कोणीतरी घाण कोड घातल्याची बातमी आली तेव्हाची गोष्ट. टीमच्या ग्रुपवर कोणीतरी लिंक टाकली आणि मॅनेजरनी खाली एकच ओळ लिहिली, आपण हे वापरतो का. मी लगेच पॅकेज जेसन उघडून बघितलं, त्यात चॉक नव्हतं, म्हणून "नाही, आपण सेफ आहोत" असं लिहून मोकळा झालो. दोन तासांनी टीममधल्या एकीने सांगितलं की लॉक फाईलमध्ये चॉक १७ ठिकाणी आहे. तोपर्यंत माझं उत्तर मॅनेजरनी वरती क्लायंटला कळवून टाकलं होतं. मग काय, पाच जण दिवसभर सगळं काम सोडून शोधत बसलो आणि संध्याकाळीसुद्धा कोणी छातीठोकपणे काही सांगू शकलं नाही.

त्यानंतर आठवडाभरात तो पसरणारा वर्म (स्वतःच्या नकला करत फिरणारा घातक प्रोग्राम) आला, नोव्हेंबरमध्ये क्लाउडफ्लेअर (असंख्य साईट जिच्या नेटवर्कमधून चालतात ती कंपनी) पडलं, त्या दिवशी आमचीही साईट बंद. आता खरं सांगतो, इन्स्टॉल कमांड मारताना सुद्धा पोटात गोळा येतो. तर विचारायचं हे आहे की अशी बातमी आली की तुम्ही पहिल्या अर्ध्या तासात नेमकं काय करता, आणि कुठली बातमी हातातलं काम टाकून बघायची आणि कुठली संध्याकाळी निवांत वाचायची हे ओळखता कसं?

जुनं_खोड

मित्रा, पॅकेज जेसन बघून "नाही" म्हणणं ही चूक मी स्वतः केलेली आहे, आणि तीही तुझ्यापेक्षा बरीच जास्त वर्षं काम केल्यानंतर, तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस. पॅकेज जेसनमध्ये असतं तू काय मागवलंस ते. प्रत्यक्षात घरात काय आलं ते लॉक फाईलमध्ये असतं. चॉक आणि डीबग ही अशी पॅकेजेस आहेत की ती बरेचदा कोणी मुद्दाम मागवलेली नसतात, लिंटर, टेस्ट रनर, बंडलर अशा साधनांच्या मागून मागून येतात. एनपीएम व्हाय चॉक अशी कमांड मारलीस की कोणाचं बोट धरून आत आलंय ते लगेच दिसतं.

पण तुझ्या मॅनेजरचा प्रश्नच मुळात अर्धवट होता. "आपण हे वापरतो का" याचं उत्तर अशा वेळी जवळजवळ नेहमी "हो" असतं आणि त्या "हो"ला काही अर्थ नसतो. त्या प्रकरणात झालं काय होतं ते बघ. एका मेंटेनरला (पॅकेज सांभाळणाऱ्याला) मेल आला, टू-फॅक्टर अपडेट करा नाहीतर अकाउंट बंद होईल, पत्ता एनपीएमसारखाच दिसणारा पण शेवटी डॉट हेल्प असलेला. दिवसभराच्या धावपळीत त्याने क्लिक केलं, माहिती भरली, आणि अकाउंट गेलं. त्यातून १८ पॅकेजेसच्या नव्या आवृत्त्या निघाल्या, ज्यांचे मिळून आठवड्याला २०० कोटींच्या वर डाउनलोड होतात. बातमीत हाच आकडा मोठा छापला आणि सगळे हादरले. आता त्याच बातमीची खालची बाजू बघ. त्या आवृत्त्या साधारण दोन तासच होत्या, आणि आतला कोड ब्राउझरमध्ये चालून क्रिप्टो व्यवहारातला पत्ता बदलायला लिहिलेला होता. म्हणजे ज्याच्या लॉक फाईलमध्ये जुनी आवृत्ती पक्की होती आणि त्या दोन तासांत कोणी अपडेट केलं नाही, त्याच्याकडे चॉक १७ काय ७० ठिकाणी असलं तरी काही आलं नाही.

म्हणून मी स्वतःला तीन गोष्टी विचारतो. ती नेमकी आवृत्ती त्या वेळात आपल्याकडे कुठेही आली का? आली असेल तर ती चालली कुठे, ब्राउझरमध्ये, सर्व्हरवर, सीआयवर (कोड आपोआप तपासून बिल्ड करणारी यंत्रणा) की कोणाच्या लॅपटॉपवर? आणि जिथे चालली तिथून तिच्या हाताला काय काय लागत होतं? ही उत्तरं मिळेपर्यंत "सेफ आहोत" हे दोन शब्द तोंडातून काढायचे नाहीत.

आठवड्यानंतर आलेला शाई-हुलुद वर्म तर अगदीच वेगळ्या जातीचा होता, बातम्यांनी दोन्ही एकाच पिशवीत घातले ती गोष्ट वेगळी. तो इन्स्टॉल होतानाच चालायचा. पॅकेजला इन्स्टॉलनंतर स्क्रिप्ट चालवायची मुभा असते ना, त्याचा फायदा घेऊन मशीनवरची टोकनं (पासवर्डऐवजी चालणाऱ्या चाव्या) आणि पासवर्ड हुडकायचा, सापडलेला माल गिटहबवर सार्वजनिक रिपोमध्ये टाकायचा, आणि एनपीएमचं टोकन मिळालं तर त्याच माणसाच्या बाकीच्या पॅकेजेसमध्ये स्वतःला घालून पुन्हा प्रकाशित व्हायचा. ५०० च्या वर पॅकेजेस बाधित झाली. इथे प्रॉडक्शन तपासत बसलास तर दिवस वाया, कारण घटना घडते ती लॅपटॉपवर आणि सीआयवर, आणि पहिलं काम म्हणजे टोकनं रद्द करणं.

आणखी एक, तुमच्या सीआयमध्ये एनपीएम इन्स्टॉल चालतं की एनपीएम सीआय ही कमांड, हे आजच बघ. इन्स्टॉलसुद्धा लॉक फाईल पाळतं, पण पॅकेज जेसनशी जुळलं नाही की गुपचूप लॉक फाईल बदलून पुढे जातं. एनपीएम सीआय अडून बसतं आणि बिल्ड पाडतं. बिल्ड सर्व्हरवर असं अडून बसणारंच पाहिजे.

शंकासूर

जुनं_खोड यांचं सगळं बरोबर आहे पण मला वाटतं तुम्ही सगळे बातम्यांना फार जास्त महत्त्व देताय. एनपीएमऐवजी पीएनपीएम हे साधन वापरा, १० च्या मोठ्या आवृत्तीपासून ते डिपेंडन्सीच्या इन्स्टॉल स्क्रिप्ट आपणहून चालवतच नाही, ज्या पॅकेजला गरज आहे त्याला तुम्ही परवानगी द्यायची. १०.१६ मध्ये तर किमान वयाची सेटिंग आली, म्हणजे प्रकाशित होऊन इतकी मिनिटं झाल्याशिवाय ती आवृत्ती घ्यायचीच नाही. आम्ही सात दिवस ठेवलेत. बहुतेक घाण काही तासांत पकडली जाते आणि काढली जाते, आपण सात दिवसांनी जातो तेव्हा रस्ता साफ असतो. हे केल्यापासून मी बातमी वाचून काम टाकलेलं नाही.

उघडा_सोर्स

शंकासूर, ती सेटिंग चांगलीच आहे, मी पण लावलीय, नवा_कमिटनेही आज लावावी. पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. एक्सझेड आठवतंय का, लिनक्समधली फाईल लहान करणारी लायब्ररी, जिच्यात बॅकडोअर (चोरदरवाजा) घातला होता? तो असलेली ५.६.० आली फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस आणि प्रकरण उघडकीस आलं २९ मार्चला, म्हणजे महिन्याच्या वर गेला. सात दिवसांच्या गाळणीतून ते आरामात खाली उतरलं असतं. आणि उलट बाजू म्हणजे लॉगफोरजे, जावामधली नोंदी ठेवणारी लायब्ररी, जिच्यात मोठं भोक सापडलं. डिसेंबर २०२१ मध्ये दुरुस्तीची २.१५ आली, ती अपुरी म्हणून २.१६, मग २.१७, सगळं काही दिवसांत, आणि बाहेर लोक भोक शोधत फिरत होते. तेव्हा सात दिवस थांबला असता तर गेलाच असता. म्हणून त्या सेटिंगमध्ये अपवाद कसे घालायचे हे आधीच करून बघा, ऐन रात्री डॉक्युमेंटेशन वाचायची वेळ येऊ देऊ नका.

एक्सझेडचा विषय काढलाच आहे तर जरा सविस्तर लिहितो, कारण मला ती आमच्या धंद्यातली गेल्या दहा वर्षांतली सगळ्यात महत्त्वाची बातमी वाटते आणि नवीन मुलांना ती "कोणीतरी बॅकडोअर टाकला होता" एवढीच माहीत असते. आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारा माणूस, डेबियन लिनक्सच्या अस्थिर आवृत्तीवर कामगिरीची मोजमापं घेत होता. त्याला दिसलं की एसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षित शिरायचा प्रोग्राम) लॉगिन विनाकारण सीपीयू खातंय आणि साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! आपल्यातला कोणीही म्हणाला असता नेटवर्क असेल, जाऊदे. त्याने जाऊ दिलं नाही, खणत गेला, आणि खाली एक्सझेडच्या लायब्ररीत जाऊन पोचला. गंमत म्हणजे एसएसएचचा मूळ कोड त्या लायब्ररीला हात पण लावत नाही. काही लिनक्स वितरणं त्यात सिस्टमडीसाठी (मशीनवरच्या सेवा सुरू करून सांभाळणारा प्रोग्राम) छोटा पॅच लावतात, सिस्टमडीची लायब्ररी एक्सझेडला ओढून आणते, आणि त्या मागच्या दाराने हा आत. शिवाय बिल्डची खोड काढणारी स्क्रिप्ट गिटमध्ये नव्हतीच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात) होती, आणि खरा माल चाचणीसाठीच्या बायनरी फाईल म्हणून ठेवलेला. म्हणजे गिटवर कोडचा कितीही रिव्ह्यू केला असता तरी चित्र पूर्ण दिसलं नसतं.

पण मला झोप लागली नाही ती याच्यामुळे नाही. जिया तान नावाने वावरणारा जो कोणी होता त्याने २०२१ पासून नीट, उपयोगी काम केलं. २०२२ मध्ये मेलिंग लिस्टवर वेगवेगळ्या नावांनी लोक येऊन मूळ मेंटेनर लासे कोलिनला टोचत होते, कामं का अडलीत, दुसऱ्याच्या हातात का देत नाही. त्याने उघडपणे लिहिलं होतं की मनाच्या आजारपणामुळे फार करता येत नाही आणि हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे हेही लक्षात ठेवा. मी ते सगळे मेल ओळीने वाचले. मी एक छोटी लायब्ररी सांभाळतो, वापरणारे काही हजार, आणि तसेच मेल मलाही येतात. मागच्या वर्षी एकाने फार गोड शब्दांत लिहिलं की तुम्ही दमलेले दिसता, मला हक्क द्या, मी बघतो. खरंच मदत करायची असेल त्याला, कदाचित. पण २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीमच्या मेंटेनरने असंच कंटाळून हक्क दिले होते आणि नव्या माणसाने त्यात बिटकॉइन वॉलेट लुटायचा कोड आणला. मी चार दिवस तो मेल उघडून बघत बसलो आणि शेवटी नम्रपणे नाही म्हटलं. आता कामं अडलेलीच आहेत, टोचणं चालूच आहे.

म्हणून नवा_कमिट, बातमी वाचताना त्या मेंटेनरला शिव्या घालणाऱ्या गर्दीत जाऊ नकोस. त्या डॉट हेल्पवाल्या मेलला बळी पडलेल्या माणसाने काही वेळातच सगळ्यांसमोर येऊन कबूल केलं, माझंच अकाउंट गेलंय, साफ करतोय म्हणून. ते तसं लगेच सांगितल्यामुळे पुढचं पटापट आवरलं. जमलं तर तुमच्या लॉक फाईलमधली वरची दहा पॅकेजेस बघ, त्यातल्या किती एका माणसाच्या खांद्यावर आहेत ते मोज, आणि तुमच्या कंपनीला विचार की यांना आपण महिन्याला काही देऊ शकतो का. मी हे मनापासून सांगतोय.

रात्रपाळी

मी ऑन-कॉलवाली, त्यामुळे माझ्याकडे दुसऱ्या प्रकारच्या बातम्या जास्त येतात, अमुक पडलं तमुक पडलं. त्याबद्दल लिहिते.

१८ नोव्हेंबर २०२५ ला क्लाउडफ्लेअर पडलं तेव्हा पहिले दोन तास सगळीकडे चर्चा काय, तर हल्ला झाला असेल. त्यांच्या स्वतःच्या टीमलासुद्धा सुरुवातीला तसंच वाटलं, आणि का वाटलं ते फार शिकण्यासारखं आहे. सेवा पडायची, पाच मिनिटांनी उठायची, परत पडायची. कारण असं की त्यांनी एका डेटाबेसच्या परवानग्या हळूहळू बदलायला घेतल्या होत्या. त्या बदलामुळे बॉट ओळखणाऱ्या यंत्रणेची फाईल बनवणाऱ्या क्वेरीला त्याच ओळी दोनदा मिळायला लागल्या, फाईल दुप्पट झाली. ती फाईल दर पाच मिनिटांनी बनते, त्यामुळे बदल झालेल्या मशीनवर क्वेरी गेली की खराब फाईल, न झालेल्यावर गेली की चांगली. आणि वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये २०० फीचर्सची मर्यादा घातलेली होती. ती ओलांडली की त्रुटी नीट हाताळायच्या ऐवजी रस्ट भाषेतलं अनरॅप मारलेलं, म्हणजे प्रोग्राम सरळ कोसळणार.

त्यानंतर आठवडाभर लोक रस्ट चांगली भाषा की वाईट यावर भांडत होते. माझ्या मते त्या भांडणात वेळ घालवणाऱ्यांनी मूळ अहवाल वाचलाच नाही. १९ जुलै २०२४ चं क्राउडस्ट्राइक (सुरक्षा सॉफ्टवेअरची कंपनी) आठवा, तिथे रस्ट नव्हतं. तिथेही एक डेटा फाईलच होती, २१ फील्डची अपेक्षा, देणारा कोड २० देत होता, आणि हे सगळं कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर. कंपनीने फाईल ७८ मिनिटांत मागे घेतली, पण ज्या मशीन पडल्या त्यातल्या बऱ्याच एकेकीजवळ जाऊन उठवाव्या लागल्या. दोन्हीकडे कोड पाठवताना जी काळजी घेतली जाते, थोड्या मशीनवर आधी, मग बाकीच्यांवर, ती काळजी डेटा फाईलला मिळाली नाही. कोडचा एक अक्षर बदलला तरी दोन जण रिव्ह्यू करतात आणि कॉन्फिग मात्र दर पाच मिनिटांनी जगभर जातं.

क्लाउडफ्लेअरचा अहवाल वाचल्यावर मी दुसऱ्या दिवशी आमच्याकडे शोधलं, कुठली फाईल आपण आपोआप बनवतो आणि सगळ्या सर्व्हरवर ढकलतो. तीन निघाल्या. त्यातली एक किंमतींची, ती रिकामी आली तर आमचा सर्व्हर सुरूच होत नव्हता. अडीच दिवस लागले, आता फाईल खराब असली तर जुनीच चालू राहते आणि मला फोन येतो.

हळूहळू_शिकतोय

रात्रपाळी ताई, मी हे अहवाल उघडतो पण निम्म्यात हरवून जातो, ओळखीचे शब्दच नसतात. कसे वाचायचे?

रात्रपाळी

मी आधी वेळापत्रक वाचते, किती वाजता काय दिसलं. मग स्वतःला विचारते, या वेळी माझ्या स्क्रीनवर हेच दिसलं असतं तर मी काय समजले असते. चुकीचा अंदाज कुठे केला गेला ती जागा सापडली की बाकीचं आपोआप कळायला लागतं. ऑक्टोबर २०२५ चं एडब्ल्यूएसचं (ॲमेझॉनची क्लाउड सेवा) घे, त्यांच्या डायनॅमोडीबी डेटाबेसच्या पत्त्याची डीएनएस नोंद (नावावरून पत्ता सांगणारी) रिकामी झाली होती. नोंदी लावणारे दोन प्रोग्राम, एक मागे पडलेला, त्याने जुनी योजना लावली, दुसऱ्याने त्याच वेळी जुन्या योजना पुसायला घेतल्या, त्यात लावलेलीच पुसली गेली. बास. एवढं कळलं तर बाकी नावं नाही कळली तरी चालतं.

नवा_कमिट

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. चार दिवसांत काय केलं ते सांगतो.

सीआयमध्ये एनपीएम इन्स्टॉलच होतं. बदललं, आणि लगेच दोन प्रोजेक्टचे बिल्ड पडले कारण लॉक फाईल आणि पॅकेज जेसन कधीपासूनचे जुळतच नव्हते, म्हणजे प्रत्येक बिल्डमध्ये काय येत होतं ते देवालाच माहीत. दुसरं, जुनं_खोड दादांनी लॅपटॉपचं लिहिलं म्हणून माझी एनपीएमची सेटिंग फाईल उघडली, त्यात नोकरीला लागलो तेव्हाचं टोकन, आमच्या सगळ्या अंतर्गत पॅकेजेसना प्रकाशित करायचा हक्क असलेलं, मी आजपर्यंत एकदाही न वापरलेलं. तसंच्या तसं बाकी चौघांकडे. सगळी रद्द केली. प्रकाशित फक्त सीआयवरून होईल असं केलं. किमान वयाची सेटिंग पण लावली, अपवाद कसा घालायचा ते एकदा करून बघितलं.

उघडा_सोर्स दादा, वरच्या दहांपैकी सहा एकेका माणसाची निघाली. मॅनेजरना यादी दाखवली, ते काही बोलले नाहीत पण यादी मागून घेतली.

आता एकच विचारायचं राहिलं. पुढच्या वेळी मॅनेजरनी तीच ओळ लिहिली तर पहिल्या दहा मिनिटांत काय उत्तर देऊ? गप्प बसलो तर ते घाबरतात.

जुनं_खोड

टोकनांचं काम केलंस ते फार उत्तम. मी पहिल्यांदा असं लिहितो, "हे पॅकेज आपल्या लॉक फाईलमध्ये आहे किंवा नाही, खराब आवृत्ती अमुक, ती आपल्याकडे आली का हे अमुक वाजेपर्यंत सांगतो, तोपर्यंत कोणी अपडेट करू नका आणि डिप्लॉय थांबवा". आणि ती वेळ पाळायची, काही सापडलं नसलं तरी त्या वेळेला परत लिहायचं.

शंकासूर

लॉगफोरजेचा मुद्दा मान्य, मी अपवादाची वाट कधी तपासलीच नव्हती, आज करून बघितली तर आमच्याकडे ती चालत नव्हती, जुनी आवृत्ती होती. दुरुस्त केलं.

रात्रपाळी

नवा_कमिट, दादांच्या उत्तरात एक भर घालते. लॉक फाईलची आजची अवस्था बघून थांबू नकोस, गिटच्या इतिहासात त्या फाईलमध्ये खराब आवृत्तीचा आकडा कधी येऊन गेला का तेही शोध, कारण कोणीतरी सकाळी अपडेट केलं आणि दुपारी मागे घेतलं असं होतं. आणि कमिट न करता कोणी लॅपटॉपवर चालवून बघितलं असेल तर ते गिटमध्ये दिसणारच नाही, त्यासाठी प्रत्येकाच्या मशीनवरची एनपीएमची कॅश (उतरवलेल्या पॅकेजेसचा साठा) बघावी लागते. कॅश पुसायच्या आधी बघा, आमच्याकडे एकाने घाबरून आधी पुसली आणि मग काय आलं होतं ते कधीच कळलं नाही, शेवटी त्याच्या मशीनवरची सगळी टोकनं बदलावी लागली.